स्पीकरमधली गुणगुण जाते आणि परत येते, तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. गाणं थांबलं की स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा बारीक आवाज येत राहतो. ॲम्प्लिफायरच्या मागची वायर जरा हलवली, प्लग काढून पुन्हा खोचला, की थांबतो. चार दिवस बरे जातात आणि एका संध्याकाळी तो परत हजर. मग नवी केबल येते, तीही आठवडाभर गुणी वाटते.

परत येण्याचं कारण सोपं आहे. वायर हलवताना एका झटक्यात तीन-चार गोष्टी बदलतात: प्लगचा संपर्क, केबलची जागा, शेजारच्या ट्रान्सफॉर्मरपासूनचं अंतर, कधी अर्थिंगचा मार्गही. आवाज जातो, पण कशाने गेला ते कळत नाही. गुणगुण कुठून आत शिरते ती जागा पक्की करणं हेच खरं काम. जागा सापडली की उपाय बहुधा एखाद्या वायरीचा किंवा एखाद्या स्क्रूचा निघतो. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, दोन मिनिटं ऐकायचं आणि काय झालं ते कागदावर लिहायचं. कागद टाळू नका. पाचव्या बदलानंतर पहिल्याचं काय झालं होतं हे कुणालाच आठवत नाही.

हात लावण्याआधी ऐका

आधी आवाज स्पीकरमधून येतोय की ॲम्पच्या पेटीतून, ते ठरवा. स्पीकरच्या वायरी काढल्यावरही घूं चालूच असेल, तर ट्रान्सफॉर्मरच थरथरतोय. (ॲम्प बंद करून मगच वायरी काढा. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर ही चाचणी करू नका, त्याला स्पीकरचा भार लागतोच.) ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू ढिला असतो, किंवा विजेच्या लाइनवर थोडं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आलेलं असतं. गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर याला फार लवकर बळी पडतात. ‘अर्ध्या’ वेगावर चालणारा साधा हेअर ड्रायर किंवा हीटर आत एका डायोडने अर्धीच लाट वापरतो आणि हा गोंधळ घालतो. तो बंद केल्यावर पेटी शांत झाली, तर ॲम्पमध्ये दोष नाही.

स्पीकरमधूनच येत असेल, तर आवाजाची जात ओळखा. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे दोन मुख्य सूर असतात: ५० आणि १००. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे ६० आणि १२०. खालचा, गोल, खर्जातला सूर म्हणजे बहुधा अर्थिंगचा फेरा (तो पुढे समजावलाय) किंवा केबलने आसपासचं क्षेत्र पकडलेलं. त्याच्या दुप्पट सूर, जरा खरबरीत, म्हणजे ॲम्पच्या पॉवर सप्लायवर संशय. मधमाशीसारखी तिखट ‘झझझ’ म्हणजे लाइट डिमर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर किंवा चार्जर. नुसती ‘सूं’ ही गुणगुणच नव्हे; तो ॲम्पचा स्वतःचा मूळ आवाज आहे आणि या लेखातल्या कुठल्याही उपायाने तो जाणार नाही.

सूर ओळखायला फोनवर टोन जनरेटर लावा आणि हेडफोन घालून ५०, १००, १५० ऐकून जुळवा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरला ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही. आपल्या कानालाही तो सूर ऐकायला शांत खोलीत सुमारे ४४ डेसिबलची पातळी लागते, १०० हर्ट्झला साधारण २७ पुरते. म्हणून लहान स्पीकरवर मूळ दोष ५० चा असूनही कानाला १०० आणि १५० चे उपसूरच जास्त जाणवतात. नुसत्या कानावर निकाल देऊ नका. कान दिशा दाखवतो, पुरावा पुढच्या चाचण्यांतून मिळतो.

एक अपवाद, ज्यात चाचण्या करत बसायचं नाही. मोठी घूं येतेय आणि वुफरचा कागद एका बाजूला ओढला जाऊन तिथेच अडकलाय, तर ॲम्प लगेच बंद करा. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन स्पीकरला थेट डीसी जातंय, आणि काही सेकंदांत व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) जळते. असा ॲम्प दुरुस्तीनंतर आणताना स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

व्हॉल्यूमची चाचणी

गाणं बंद ठेवून व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वर न्या. गुणगुण सोबत वाढली, तर ती व्हॉल्यूमच्या आधीच शिरतेय: सोर्स (सीडी प्लेयर, टीव्ही, टर्नटेबल), इनपुट केबल, त्यांचं अर्थिंग. शून्यावरही तेवढीच असेल, तर व्हॉल्यूमच्या नंतरच्या भागात आहे, म्हणजे ॲम्पचा पॉवर विभाग किंवा पॉवर सप्लाय. तिसराही एक प्रकार जुन्या ॲम्पमध्ये दिसतो. बटण मध्यावर असताना गुणगुण सर्वांत जास्त, पूर्ण उघडल्यावर कमी, आणि बटणाला बोट लावलं की बदलते. हा दोष पोटेन्शिओमीटरच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) बाहेरच्या धातूचं अर्थिंग सुटल्याचा.

आता सिलेक्टर फिरवून प्रत्येक इनपुट ऐका. एकाच इनपुटवर असेल तर शोध तिथेच संपत आला. सगळ्यांवर असेल, तर ॲम्प बंद करून मागच्या सगळ्या सिग्नल केबल काढा, फक्त स्पीकर ठेवा, आणि पुन्हा सुरू करा. शांत झाला? मग एकेक केबल परत लावत जा. ज्या केबलपाशी आवाज उठेल ती वाट धरा. दर वेळी ॲम्प बंद करूनच प्लग लावायचा. आरसीए प्लगची (सिग्नल केबलच्या टोकाचा गोल प्लग) मधली पिन बाहेरच्या कॉलरच्या आधी टेकते, त्या क्षणी कॉलरचं अर्थिंग नसतं, आणि चालू ॲम्पवर जो दणका बसतो तो ट्वीटर घेऊन जाऊ शकतो.

रिकाम्या इनपुटवरही थोडी गुणगुण असेल तर शॉर्टिंग प्लग बनवा. साधा आरसीए प्लग घ्या, मधली पिन आणि कॉलर यांच्यात इंचभर वायर सोल्डर करा, आणि तो इनपुटला लावा. इनपुट असं ‘मिटवल्यावर’ आवाज गेला, तर मोकळं इनपुट हवेतलं पकडत होतं आणि ॲम्प ठीक आहे. तरीही राहिला, तर दोष आतला. हा प्लग फक्त इनपुटलाच लावायचा. प्री-आउट किंवा टेप-आउटला लावला तर आउटपुट शॉर्ट होतं.

एकाच स्पीकरमध्ये गुणगुण असेल तर अदलाबदल करून पाहा. ॲम्पच्या टोकाला डावी-उजवी केबल बदला. आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष केबलमध्ये किंवा सोर्समध्ये. तिथेच राहिला तर ॲम्पमध्ये. गेला असेल तर केबल पूर्ववत करून आता सोर्सच्या टोकाला अदलाबदल करा. या वेळी आवाज बाजू बदलतो तर सोर्स, बदलत नाही तर केबल. पाच मिनिटांचं काम आहे आणि कितीतरी विनाकारण खरेदी वाचवतं.

स्पीकरच्या वायरी मात्र गुणगुणीसाठी कधीही बदलू नका. त्यांतून जाणारा सिग्नल मोठा असतो आणि ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स फार कमी असतो, त्यामुळे त्या वाटेने हम (गुणगुण) शिरत नाही.

अर्थिंगचा फेरा

सर्वांत जास्त वेळा निघणारं कारण हेच. ॲम्पला थ्री पिन प्लग आहे, टीव्हीला किंवा संगणकालाही आहे, आणि दोघांच्या मध्ये आरसीए केबल. आता दोन पेट्या एकमेकींना दोन वाटांनी जोडल्या गेल्या: एक भिंतीतल्या अर्थिंगमधून, दुसरी केबलच्या शील्डमधून. मिळून एक वेटोळं तयार होतं. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये जरासा फरक असला की त्या वेटोळ्यातून विजेच्या वारंवारतेचा प्रवाह वाहतो, आणि त्यातला काही शील्डमधून.

किती? समजा शील्डचा रोध ०.०५ ओहम आहे आणि त्यातून २० मिलिॲम्पिअर वाहतात. शील्डच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडला. ॲम्पच्या दृष्टीने शील्ड हीच ‘शून्य’ पातळी, त्यामुळे हा १ मिलिव्होल्ट गाण्यात मिसळून जातो. सीडी प्लेयरचा पूर्ण आउटपुट २ व्होल्टचा धरला, तर हम त्याच्यापेक्षा ६६ डेसिबलच खाली आहे. शांत खोलीत गाणं थांबल्यावर तो ऐकू येणारच. जाड शील्डची केबल लावली की रोध कमी होऊन हम थोडा घटतो, म्हणूनच नवी केबल आठवडाभर गुणी वाटते. वेटोळं तिथेच असतं. अर्थिंगमधला फरक वाढला की हम परत.

ओळखायची खूण: संशयित सोर्सला पॉवर बंद आहे, पण प्लग भिंतीत आणि आरसीए जोडलेली, आणि तरी गुणगुण चालू. भिंतीतला प्लग काढला की बंद. (टू पिन उपकरणांत फेरा होत नाही असं समजू नका. त्यांतल्या एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) छोट्या कपॅसिटरमधून थोडी गळती होतेच आणि पेटीला हात लावल्यावर हलकी झिणझिण जाणवते.)

उपाय याच क्रमाने करा. सगळी ऑडिओ उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर आणा आणि तो एकाच सॉकेटला लावा. अर्थिंगमधला फरक तिथल्या तिथे जवळपास शून्य होतो. घरगुती स्टिरिओ काहीशे वॉटपेक्षा जास्त क्वचितच घेतो, त्यामुळे नीट रेटिंगचा बोर्ड हा भार सहज पेलतो. हीटर, इस्त्री त्याच बोर्डवर नको. मग टीव्हीची अँटेना किंवा केबल कनेक्शनची जाड कोॲक्स वायर सेटमधून काढून पाहा. ती इमारतीत कुठेतरी दुसरीकडे अर्थ केलेली असते आणि सगळे प्लग एका बोर्डवर असूनही तिच्यातून फेरा पूर्ण होतो. ती काढताच शांतता झाली तर कोॲक्ससाठीचा आयसोलेटर लावा. तो डिश आणि सेटटॉप बॉक्सच्या मध्ये मात्र लावू नका, कारण त्या वायरीतून डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातं आणि साधा आयसोलेटर ते अडवतो.

टीव्हीसाठी याहून चांगला मार्ग ऑप्टिकल केबलचा. तिच्यात तांबं नाही, प्रकाश जातो, त्यामुळे वेटोळं पूर्णच होत नाही. प्लगवरची पारदर्शक टोपी काढायला विसरू नका, केबल करकचून वाकवू नका, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’ ठेवा, नाहीतर स्टिरिओ डॅकमधून (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारी पेटी) आवाजच येणार नाही.

ऑप्टिकल शक्य नसेल तर लाइन लेव्हलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. स्वस्त तुकड्यात लोखंड कमी असतं आणि ढोल-बासचा खालचा भाग दबतो. तो टर्नटेबलच्या कच्च्या सिग्नलवर लावायचा नाही.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: थ्री पिन प्लगची अर्थ पिन तोडणं किंवा टेपने झाकणं. हम जातो, हे खरं आहे, म्हणून हा सल्ला तोंडोतोंडी फिरत राहतो. पण ॲम्पच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो. अर्थिंग नसताना पत्रा जिवंत होतो, आणि आरसीएच्या शील्डमधून शेजारच्या सगळ्या पेट्याही. गुणगुणीपायी एवढा धोका पत्करायचं कारण नाही. फेरा सिग्नलच्या बाजूला तोडता येतो. पॉवर कंडिशनरवर पैसे घालायचीही घाई नको. तो लाइनवरचा कचरा गाळतो, दोन पेट्यांमधलं वेटोळं तोडत नाही.

टर्नटेबल असेल तर

इथे थोडं थांबावं लागतं, कारण सगळ्यात नाजूक सिग्नल इथला. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतो. फोनो स्टेज त्याला १ किलोहर्ट्झला सुमारे १०० पट वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, तो आरआयएए वक्राप्रमाणे परत भरून काढावा लागतो, आणि ५० हर्ट्झला ही भर सुमारे १७ डेसिबलची, म्हणजे आणखी ७ पट. एकूण ७०० पट. ५ मायक्रोव्होल्टची चिमूटभर हम आत शिरली तरी बाहेर साडेतीन मिलिव्होल्ट होते. म्हणून फोनो इनपुटवर कान स्पीकरला लावल्यावर हलकी गुणगुण असणं हा दोष नाही. बसायच्या जागेवर, रोजच्या व्हॉल्यूमला, सुई उचललेली असताना ऐकू आली तर दोष.

पहिली तपासणी मागच्या बारीक वायरीची. टर्नटेबलमधून आरसीएसोबत चपटं टोक असलेली एक वायर येते, ती ॲम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट बसवा. हा स्क्रू विजेच्या अर्थिंगचा नाही. त्याला भिंतीतलं अर्थिंग जोडू नका. काही टर्नटेबलमध्ये ही वायर नसते, आतच शील्डला जोडलेली असते. तिथे वरून वेगळी वायर ओढली तर उलट नवं वेटोळं होतं.

स्क्रू घट्ट असूनही हम असेल तर मल्टिमीटरने टोनआर्मचा धातू आणि त्या वायरीचं टोक यांमधली कंटिन्यूइटी पाहा. रोध १-२ ओहमच्या आत हवा. नळीवर ॲनोडाइझचा थर असला तर तिथे वीज वाहत नाही, म्हणून प्रोब हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा भाग) एखाद्या उघड्या स्क्रूला टेकवा.

नंतर हेडशेलमधल्या चार केसासारख्या वायरी. पांढरी डाव्याची सिग्नल, निळी डाव्याची परतीची, लाल उजव्याची सिग्नल, हिरवी उजव्याची परतीची. निळी किंवा हिरवी सुटली किंवा ढिली झाली की त्या बाजूला मोठी हम येते, आणि आर्म हलल्यावर कधी जाते, कधी येते. ‘परत परत’ वाल्या तक्रारींत ही फार वेळा निघते. ॲम्प बंद करा, सुईवर टोपी लावा. क्लिप कार्ट्रिजच्या पिनवरून बारीक चिमट्याने धातूला धरून ओढा, वायरीला धरून नव्हे. रिकामी क्लिप बारीक टाचणीच्या आधाराने अगदी हलकी दाबा, म्हणजे पिनवर जाताना जराशी अडली पाहिजे. कार्ट्रिजला लावलेल्या क्लिपवर सोल्डरिंग करू नका. उष्णता पिनमधून आत जाऊन कॉइलची तार तोडते.

शेवटची चाचणी चुंबकीय क्षेत्राची. मोटर बंद, सुईवर टोपी, व्हॉल्यूम रोजचा. क्यू लिव्हरने (आर्म उचलायच्या दांड्याने) आर्म उचलून हाताने हळूहळू रेकॉर्डच्या मध्याकडे न्या. वाटेत हम वाढत किंवा बदलत असेल, तर कार्ट्रिज जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतोय. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं शील्ड या क्षेत्राला अडवत नाही, अंतर अडवतं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण आठव्या भागावर येतं, म्हणून ॲम्प टर्नटेबलच्या शेजारून हलवून ४०-५० सेंटिमीटर लांब ठेवला की अनेकदा हम नाहीशी होते. फोनो स्टेजचा काळा ॲडॉप्टरही बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरचाच असतो, तो फोनो केबलवर लोळू देऊ नका. सिग्नल आणि पॉवरच्या वायरी एकत्र बांधलेल्या नीटनेटक्या दिसतात, पण त्या वेगळ्या हव्यात. ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

सांधे

हलवल्यावर जाणारी गुणगुण बहुतेक वेळा इथे सापडते. आरसीए प्लग हातात घेऊन उजेडात पाहा. कॉलर चार पाकळ्यांची असते. वर्षानुवर्षांच्या काढ-घालीने त्या पसरतात आणि सॉकेटवर प्लग बोटाने सहज फिरतो. असा प्लग म्हणजे शील्डचा संपर्क कधी आहे, कधी नाही. पक्कडीने पाकळ्या अगदी किंचित आत दाबा, प्लग बसताना हाताला घट्टपणा जाणवेपर्यंत. सॉकेट ९० टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा. काडीवर तपकिरी-काळा डाग आला तर तोच तुमचा हम होता.

केबल दोन्ही बाजूंनी काढून मोजा. आधी मीटरचे प्रोब एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा रोध बघा (बहुधा ०.२ ते ०.३ ओहम), मग पिन ते पिन आणि कॉलर ते कॉलर. त्याहून अर्ध्या ओहमपेक्षा जास्त नको. मोजत असतानाच प्लगच्या मानेपाशी केबल वाकवा, आकडा नाचला तर शील्डचे तंतू आत तुटले आहेत. पिन ते कॉलर काहीच वाचन येता कामा नये.

केबल ठीक आणि तरी हलवल्यावर बदल होतो? मग ॲम्पच्या सॉकेटच्या मागचा सोल्डर पाहा. भिंगाखाली पायाभोवती केसासारखी गोल भेग दिसते. जुना सोल्डर काढून नवा भरला की पिढीभराचं दुखणं जातं.

संगणक, सबवुफर

यूएसबी डॅकवर माउस हलवल्यावर करकर बदलत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. शांत झाला तर यूएसबी आयसोलेटर किंवा ऑप्टिकल. ब्लूटूथ रिसीव्हर आणि ॲम्प बोर्ड एकाच ॲडॉप्टरवर चालवले की शिट्टीसारखा आवाज येतो. रिसीव्हरला वेगळा ॲडॉप्टर द्या.

सबवुफरची सिग्नल केबल काढल्यावर घूं गेली तर अर्थिंगचा फेरा, राहिली तर त्याच्या आतला ॲम्प. फेरा असेल आणि सबवुफरला स्पीकर लेव्हलचं इनपुट असेल, तर तिकडून जोडून पाहा.

ॲम्पच्या पोटात

व्हॉल्यूम शून्यावर, दोन्ही स्पीकरमध्ये, सगळे इनपुट काढलेले, आणि सूर विजेच्या दुप्पट वारंवारतेचा. मग संशय पॉवर सप्लायच्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. १०,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, १ ॲम्पिअरचा भार, १०० हर्ट्झ: सप्लायवर साधारण १ व्होल्टची लहर राहते. म्हातारपणी कपॅसिटन्स अर्धी झाली की २ व्होल्टची. उष्णता त्यांचं आयुष्य खाते. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. म्हणून बंद कपाटात, वर दुसरी पेटी ठेवून चालवलेले ॲम्प आधी गुणगुणू लागतात. डोकं फुगलेला कपॅसिटर नक्की खराब, पण न फुगलेला चांगला असेलच असं नाही. बदलताना व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं, आणि दोन्ही एकाच वेळी बदला.

प्लग काढल्यानंतरही हे कपॅसिटर भरलेले राहतात. ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये बऱ्याचदा ३५ ते ६० व्होल्ट, व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ३०० ते ५००. व्हॉल्व्हचा ॲम्प अनुभव नसेल तर उघडू नका. तिथे बाहेरून करता येण्याजोगी चाचणी एकच: ॲम्प थंड असताना डाव्या-उजव्या बाजूचे सारख्या नंबरचे व्हॉल्व्ह अदलाबदल करा. हम बाजू बदलतो तर तो व्हॉल्व्ह गेला.

ठरावीक वेळी येणारी

सगळं तपासूनही गुणगुण फक्त संध्याकाळी किंवा फक्त काही दिवशी येत असेल, तर कागदावर वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं ते लिहा. डिमर पूर्ण वर आणि पूर्ण बंद करून बघा. मधल्या स्थितीतच आवाज येत असेल तर चोर सापडला, डिमर बदला किंवा स्टिरिओ वेगळ्या सर्किटवर घ्या. एलईडी दिवे एकेक विझवा. फोनचे चार्जर एकेक काढा. दमट दिवसांतच येत असेल तर सांध्यांकडे परत जा आणि या वेळी अल्कोहोलची काडी प्रत्येक सॉकेटमध्ये फिरवा, वापरात नसलेल्यांमध्येही. दुरुस्ती झाल्यावर कागद फेकू नका, ॲम्पच्या खाली सरकवून ठेवा. पुढच्या वेळी सुरुवात तिथून करायची आहे.